चाखून पाहिलेली गाडी

लोकांना माझ्यावर विश्वास ठेवायला कधी जड गेलं नाही. मला मात्र कुणावर ठेवणं कधी जमलं नाही. दूधवाल्याच्या देखत मी दुधात बोट बुडवून बघायचो. भाजीवालीने मोठा पेरू वरून दिला की मी तो उलटा करून किडीचं भोक शोधायचो. कारखान्यातलं कामही तसलंच, बाहेरून येणारा माल तपासून घेण्याचं. पंधरा वर्षं मी खोक्यांतून वाकडे बोल्ट हुडकत होतो, आणि एखाद्या खोक्यात एकही वाकडा निघाला नाही की मला चुकल्यासारखं वाटायचं. बायको म्हणायची, "देवळात प्रसाद घेतानाही तुम्ही पुजाऱ्याचे हात बघता." खरं होतं ते. पुजाऱ्याची नखं काळी होती.

आम्ही मूळचे खाडीकाठचे, भातशेतीवाले. वडील गेल्यावर खाचरं विकली आणि विरारला एका नव्या बिल्डिंगमध्ये राहायला आलो. घरात नळ होते, नळाला पाणी नव्हतं. रोज सकाळी टँकर यायचा. टँकरवाल्याने पाइप टाकीत सोडण्याआधी मी खाली उतरून ओंजळभर पाणी तोंडात घ्यायचो, घोळवायचो, आणि "गोड आहे, सोड," असं म्हटल्यावरच तो कॉक उघडायचा. बिल्डिंगवाले हसायचे, पण माझ्या आधी कुणी पाणी भरत नसे. जिभेची ही सवय वडिलांची. उधाणाच्या भरतीला बांध फुटून खाडीचं पाणी खाचरात शिरलं, की पुढच्या पावसानंतर ते चिमूटभर चिखल जिभेवर ठेवायचे. चिखल गोडा लागला तरच रोपं लावायची, नाहीतर ते वर्ष गेलं. मला त्यांनी हे आठ-नऊ वर्षांचा असताना शिकवलं. पुढे खाचरं गेली, जीभ राहिली.

नव्वदचं दशक संपायला आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. आई न्हाणीघरात घसरून पडली आणि तिच्या पाठीचा मणका दुखावला. चालायची थोडंफार, पण बसली की पंधरा मिनिटांत कळ डोक्यात जायची. तिचा सगळा दिवस आडवं पडून जायचा. तिच्या पाठची बहीण, माझी मावशी, राजापूरच्या बाजूच्या एका गावात. मावशीचे यजमान मुंबईत गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर ते गावी गेले ते तिथेच अंथरुणाला खिळले, आणि मावशी त्यांना सोडून हलू शकेना. दोघी बहिणींची सहा वर्षांत गाठ नव्हती. त्यात मावशीला काचबिंदू झाला. डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं की गेलेली नजर परत येणार नाही आणि उरलेलीही टिकायची नाही.

फोनवर मावशी एकच म्हणायची, "अक्का, दिसतंय तवर तुजं तोंड दाखवून जा."

आईला न्यायचं तर झोपवूनच न्यायला हवं होतं. रेल्वे सुरू झाली होती, पण त्या डब्याच्या पायऱ्या आई चढू शकत नव्हती, आणि स्टेशनापासून पुढे घाटातली एसटी होती. अॅम्ब्युलन्सचं नाव काढल्यावर आई उसळली. "तसल्या गाडीतून मी उतरली तर ती मला बघायच्या आधीच गळा काढेल." भाड्याच्या गाडीवाल्यांना सीट काढून ठेवायला सांगितलं तर ते माझ्याकडेच संशयाने बघायला लागले. तेव्हा ठरवलं की झोपायची सोय असलेली एखादी जुनी व्हॅन विकत घ्यायची. गाडी चालवायला मला येत होती. कारखान्याचा टेम्पो मी अधूनमधून चालवायचो.

अशी गाडी वसईत मिळण्याची शक्यता होती. तिथल्या गावांतली ख्रिस्ती कुटुंबं वर्षातून एकदा वेलंकनीला यात्रेला जायची, आणि काहींनी त्यासाठी जुन्या व्हॅन घेऊन आत फळ्या ठोकून झोपायची सोय केली होती. वसईजवळच्या सांडोर गावच्या एका बागायतदाराला त्याची गाडी काढायची आहे असं कारखान्यात एकाने सांगितलं. मी लगेच विचारलं, का काढतोय? त्याला माहीत नव्हतं. तिथूनच माझ्या डोक्यात भुंगा शिरला.

स्टेशनाजवळच्या एका गॅरेजवाल्याकडून मी धडे घेतले. तो म्हणाला, न सांगता सकाळी लवकर जा. इंजिनवर हात ठेव, थंड असलं पाहिजे; विकणारा आधीच गाडी चालू करून ठेवतो, म्हणजे थंड इंजिनाचा खोकला ऐकू येत नाही. ऑइलची पट्टी काढून बघ, दुधासारखं पांढुरकं दिसलं तर आत पाणी गेलंय. धूर निळा आला तर घेऊ नकोस. लोहचुंबक ने, पत्र्यावर सगळीकडे फिरव. जिथे चिकटणार नाही तिथे पुट्टी भरून वर रंग मारलाय. छपरावर बादलीभर पाणी ओत आणि आत बसून बघ. गाडीच्या बुकातला चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी ताडून बघ. आणि सगळ्यात आधी, तो म्हणाला, का विकतोय ते विचार. दोन वेळा विचार. दोन उत्तरं आली तर कुठेतरी पाणी मुरतंय.

मी जुन्या रेडिओच्या स्पीकरमधलं लोहचुंबक काढलं, वही घेतली, आणि संक्रांतीनंतरच्या रविवारी सकाळी साडेसहाला सांडोरला पोचलो.

बागायतदार साठीचा, उंच, मोजकं बोलणारा. चर्चमध्ये मिस्साला जायच्या तयारीत होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट, केसांना पाणी लावून पाडलेला भांग. त्याची बायको अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत होती. गाडी माडाखाली उभी होती. पांढरी, काचांना फुलाफुलांचे पडदे, आत दोन बाजूंना दोन लांब फळ्या, त्यांवर गाद्या, पुढे काचेपाशी वेलंकनी मावलीची वीतभर मूर्ती. बघताक्षणी मला ती आवडली. म्हणून मी आणखी सावध झालो.

इंजिनवर हात ठेवला. गरम होतं.

"सकाळीच एक फेरी झाली," बागायतदार म्हणाला.

"कुठे?"

"इथेच, जवळ."

रविवारी सकाळी साडेसहाच्या आधी जवळ कुठे? मी वहीत लिहून घेतलं. गाडीत फळीखालची जमीन ओली होती. तेही लिहिलं. किलोमीटरचा आकडा लिहिला. ऑइल स्वच्छ होतं, धूर पांढरा आणि क्षणभरच. लोहचुंबक मागच्या दाराच्या एका कोपऱ्यात तेवढं घसरलं, बाकी सगळीकडे चिकटलं. इतका निर्दोष माल मला कारखान्यातही कधी मिळाला नव्हता.

"का विकताय?" मी विचारलं.

"आता जमत नाही," तो म्हणाला.

मग मी छपरावर ओतायला बादलीभर पाणी मागितलं. समोर दहा पावलांवर विहीर होती, तिच्यावर पंप होता. तो म्हणाला, "पाणी कशाला? पावसात वेलंकनीहून आलोय आम्ही. गळत नाही." मी हट्ट धरला. तो नुसता हसला आणि बादली काही आली नाही. गळतंय, मी मनात म्हटलं. शंभर टक्के गळतंय.

तेवढ्यात त्याची बायको माझ्यासाठी पाणी घेऊन आली, घासून लख्ख केलेल्या तांब्यात. अनोळखी घरचं पाणी मी पीत नसे. माझी बाटली माझ्या पिशवीत असायची. पण तांब्या हातात आला होता. मी गाडीच्या पायरीवर चढलो आणि सगळा तांब्या छपराच्या सांध्यावर ओतला. आत जाऊन बघितलं. थेंबही गळला नाही. बाहेर आलो तर ती बाई तशीच उभी होती. नवऱ्याला त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणाली. मला ते नीट कळलं नाही. मी रिकामा तांब्या तिच्या हातात दिला. तिने तो पदराखाली घेतला आणि आत गेली.

निघताना बागायतदाराने मला दोन-तीन प्रश्न विचारले. कुठून आलात, कुठली बिल्डिंग, किती वर्षं झाली. मी सांगितलं. बिल्डिंगचं नाव ऐकून त्याचा चेहरा बदलला हे मला स्पष्ट दिसलं. माझा खिसा किती खोल आहे हे तो अजमावतोय असा मी अर्थ लावला.

घरी आल्यावर आई म्हणाली, "झोपायला फळी रुंद आहे का?" मी म्हटलं, आहे, पण माणूस काहीतरी लपवतोय. आई म्हणाली, "आपल्याला माणसावर झोपायचं नाही, फळीवर झोपायचं आहे."

तरी मी दोन आठवडे मध्ये जाऊ दिले. गिऱ्हाईकाने घाई दाखवू नये. पुन्हा गेलो तेव्हा आधी किलोमीटरचा आकडा बघितला. ऐंशी वाढले होते. गाडी विकायला काढलेला माणूस रोज तिला कुठे फिरवतो? इंजिन पुन्हा गरम, जमीन पुन्हा ओली. बागायतदार बागेत होता म्हणून मी त्याच्या बायकोला विचारलं, का विकताय? ती म्हणाली, "ह्यांचे गुडघे दुखतात." झाली दोन उत्तरं. आणि ज्याचे गुडघे दुखत होते तो माणूस माझ्यासमोर केळीतून ताडताड चालत आला.

त्या दिवशी मी घरून वर्तमानपत्र नेलं होतं. ते खाली पसरून गाडीखाली सरकलो. खालच्या लोखंडी फ्रेमवर गंज होता; फार नाही, पण पोपडे धरलेला, पांढुरकी झाक असलेला. मी पेनाच्या टोपणाने एक पोपडा खरवडला. गॅरेजवाल्याने हे शिकवलं नव्हतं. हे वडिलांचं होतं. मी तो पोपडा जिभेवर ठेवला.

खारट.

सगळं एकदम जुळलं. पहाटेची फेरी, ओली जमीन, गंजावर मीठ. गाडी यात्रेची नव्हतीच. रोज पहाटे पाचूबंदरच्या धक्क्यावर जाऊन मासळी आणि बर्फ वाहत होती, आणि मिठाच्या पाण्याने तिची हाडं आतून पोखरली जात होती. गाद्या, पडदे, मावलीची मूर्ती, सगळा देखावा. गाडीखालून बाहेर येताना मला जो आनंद झाला तो सांगायची आज लाज वाटते. खोक्यात वाकडा बोल्ट सापडला होता.

"ही मासळीची गाडी आहे," मी त्याला तोंडावर म्हटलं. "रोज पहाटे बर्फ वाहता तुम्ही हिच्यातून. खालचं लोखंड खारट लागतंय. देवाची मूर्ती पुढे ठेवून लोकांना फसवता?"

त्याची बायको दारात आली, त्यांच्या बोलीत भराभर काहीतरी सांगायला लागली. त्याने हात वर करून तिला थांबवलं. मग मला म्हणाला, "ज्यांनी पाठवलं त्यांना जाऊन काय सांगायचं ते सांगा." मला कुणी पाठवलं नव्हतं. मला वाटलं, चोरी पकडली गेल्यावर माणूस काहीही बरळतो. मी वर्तमानपत्राची घडी केली आणि ताठ मानेने निघालो.

"वाचलो," मी घरी येऊन आईला सांगितलं. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. तशीच म्हणाली, "मग आता?"

मग आता काही नव्हतं. शिमगा गेला. मी आणखी दोन गाड्या बघितल्या. एकीचा धूर निळा होता, दुसरीच्या बुकात एक नंबर आणि गाडीवर दुसराच. म्हणजे मी बरोबरच होतो, जग तसंच आहे, असं मी बायकोला पटवत होतो. ती म्हणाली, "तुमचं बरोबर निघतंय, पण सासूबाई इथेच आहेत." पाडव्याला मावशीचा फोन आला. गावच्या दुकानातून केला होता. एक डोळा पूर्ण गेला, दुसऱ्यात एका कडेचं तेवढं दिसतंय. आईने फोन ठेवला आणि मला हाक मारली.

"त्या गाडीची चव कशी होती?"

"खारट. सांगितलं ना."

"खारट म्हंजे कशी? दर्याच्या पान्यासारखी, का मचूळ?"

मी आठवून बघितलं. आणि आठवल्यावर पहिल्यांदा बिचकलो. समुद्राचं पाणी जिभेला झोंबतं, मागे कडू ठेवतं. ते तसं नव्हतं. ते नुसतं मचूळ होतं.

"आनि मासळीचा वास आला?"

वास आला नव्हता. गादीला आला नव्हता, फळीला नाही, जमिनीला नाही. धुण्याच्या साबणाचा वास होता. खाडीकाठी वाढलेला माणूस मी, महिनाभर बर्फ वाहिलेल्या गाडीला वर्षभर वास राहतो हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. मला त्या वेळी वास नकोच होता.

"तुजा बापूस चिखल चाखायचा," आई म्हणाली, "तो मातीला इचारायचा, बाई तुला काय झालंय. मानसाला चोर ठरवायला नाय चाखायचा. जा. इचारून ये."

इस्टरनंतरच्या रविवारी गेलो. गाडी माडाखाली होती. बागायतदार घरी नव्हता. त्याची बायको ओट्यावर बसली होती. तिने मला ओळखलं आणि उठून आत जायला निघाली. माझ्या तोंडून निघालं, "पाणी मिळेल का?"

ती थांबली. मग आत गेली आणि तोच तांब्या घेऊन आली, अर्धा भरलेला. मी ओट्याच्या पायरीवर बसलो आणि प्यायलो. पाणी गार आणि गोड होतं.

"विहिरीचं?" मी विचारलं.

"होळी गावचं," ती म्हणाली. "माझ्या बहिणीच्या विहिरीचं. रोज सकाळी गाडीतून दोन हंडे आणतो."

तेवढ्यात बागायतदार आला. मला बघून त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या, पण मग माझ्या हातातला तांब्या त्याला दिसला. विहिरीपाशी गेला, बादली सोडली, वर काढली आणि माझ्यासमोर ठेवली. "चाखायची सवय आहे ना तुम्हाला," तो म्हणाला. "चाखा."

मी ओंजळ भरली. गाडीच्या लोखंडावर होती तीच चव.

"तीन वर्षं झाली," तो म्हणाला. "आधी उन्हाळ्यापुरतं व्हायचं, आता पावसाचे दोन महिने सोडले तर असंच. गाडी दर शनिवारी याच पाण्याने धुतो. दुसरं कुठून आणू?" मग त्याने मला बाग दाखवली. केळीची पानं कडेने करपली होती, जाळाशी धरल्यासारखी. दोन्ही वेळा मी या बागेच्या तोंडाशी उभा राहिलो होतो आणि गाडीच्या टायरवरची नक्षी मोजत होतो. केळी गेल्या म्हणून यात्रा गेली, यात्रा गेली म्हणून गाडी विकायची. त्याचं तिसरं उत्तर एवढंच होतं.

"मग त्या दिवशी सांगितलं का नाही?"

"विहीर बिघडली हे बागायतदार बाहेर सांगत नाही. आणि तुम्हाला कसं सांगणार?" तो म्हणाला. "तुम्ही बिल्डिंगचं नाव सांगितलंत. त्या बिल्डिंगला जाणारा टँकर आमच्या आळीच्या टोकाला भरतो. पहाटे तिथला पंप सुरू झाला की मला अंथरुणात ऐकू येतो. तिथल्या एका वाडीवाल्याने पाणी विकायला काढलं, खोल बोअर मारली, आणि आमच्या विहिरी एकेक करून खाऱ्या झाल्या. मला वाटलं, टँकरवाल्यांनीच तुम्हाला पाठवलंय, माझ्या विहिरीत काय उरलंय ते बघायला. बादली मागता. खालचं खरवडून चाखता. वहीत लिहिता. सारखं विचारता, का विकता, का विकता. गाडी घेणारा माणूस असं करतो?"

रोज सकाळी खाली उतरून मी ओंजळ तोंडात घेत होतो आणि म्हणत होतो, गोड आहे, सोड. कुठून येतं, हे जगातल्या प्रत्येक गोष्टीवर संशय घेणाऱ्या मला एकदाही विचारावंसं वाटलं नव्हतं.

मी त्या बाईंना म्हटलं, "त्या दिवशी तुमचा तांब्या मी छपरावर ओतला."

"हो," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी आमच्याकडे दुसऱ्यांदा चहा झाला नाही."

रागाने म्हणाल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या नुसतं सांगत होत्या.

दुसऱ्या दिवशी टँकर आला तेव्हा मी ओंजळ पुढे केली नाही. टँकरवाला कॉकवर हात ठेवून थांबला. "साहेब, बघत नाय आज?" मी वर निघून गेलो. टाकी भरल्याचा आवाज घरात ऐकू आला. मी काही फार मोठं केलं नाही. ते पाणी आमच्या नळाला आलं आणि आम्ही ते प्यायलो.

गाडी मी घेतली. आईची हकिकत ऐकल्यावर बागायतदार म्हणाला, "आधी मावशीकडे जाऊन या. कागद मागाहून होतील." किल्लीसुद्धा पुढे केली. आणि इतकं सगळं होऊनही माझा हात पुढे गेला नाही. रस्त्यात पोलिसाने अडवलं तर? परत आल्यावर याने शब्द फिरवला तर? मी म्हटलं, नको, गाडी माझ्या नावावर होऊ दे, मगच हलवतो. तो माझ्याकडे बघून जरासा हसला आणि किल्ली खिशात ठेवली. नाव चढायला जवळजवळ तीन आठवडे गेले.

निघालो त्या सकाळी आईला आणि बायकोला घेऊन आधी सांडोरला गेलो, कारण त्या दोघांनी तसं सांगून ठेवलं होतं. मूर्ती त्यांनी आधीच काढून घेतली होती. "तुमचा देव ठेवा तिथे," बागायतदार म्हणाला. त्याच्या बायकोने आत चढून आईची उशी फिरवली. "डोकं या बाजूला करा. घाटात झोप लागते. माझ्या सासूबाई अशाच झोपायच्या, त्यांच्यासाठीच केलेली फळी आहे ही." मग होळीच्या पाण्याचा एक कॅन तिने आईच्या पायाशी नीट टेकवून ठेवला. आई तिचा हात धरून बराच वेळ सोडेना.

एक मुक्काम करून दुसऱ्या दिवशी दुपारी मावशीच्या गावी पोचलो. छप्पर गळलं नाही, इंजिन एकदाही खोकलं नाही, आणि आईला घाटात खरंच झोप लागली. माझ्या वहीत लिहिण्यासारखं काही घडलं नाही.

मावशी खळ्यात उभी होती. सकाळपासून उभी असावी. गाडी थांबल्यावर ती पुढे आली, पण दाराकडे नाही, गाडीच्या लांबलचक पांढऱ्या कुशीकडे तोंड करून म्हणाली, "पांढरी आहे ना गाडी? पांढरं तेवढं कळतं."

मी आणि बायकोने आईला उतरवलं. मावशीने दोन्ही हात पुढे केले. आईचं कपाळ, गाल, हनुवटी, पुन्हा कपाळ. आईने तिला ओट्यावर उन्हाकडे तोंड करून बसवलं आणि स्वतः कळ सोसत समोर बसली. मावशी मान कलती करून करून बघत होती. मग थांबली.

"शिमग्यापर्यंत दिसत होतं गं अक्का," ती म्हणाली. "पालखी दारात आली तवा देवाचं तोंड दिसलं मला. तुजंबी दिसलं असतं. शिमग्याच्या आधी का नाय आलीस?"

संक्रांतीनंतरच्या रविवारी गाडी माडाखाली उभी होती. ऑइल स्वच्छ होतं, छप्पर गळत नव्हतं, फळी रुंद होती. आईला हे सगळं माहीत होतं. मीच तिला तारीखवार सांगितलं होतं. मी ओट्याच्या खांबाला धरून उभा राहिलो आणि ती आता काय म्हणते याची वाट बघू लागलो.

आईने माझ्याकडे पाहिलं नाही.

"गाडीच मिळत नव्हती गं," ती म्हणाली.

मी तिथून निघालो, गाडीपाशी गेलो, इंजिनावरचं झाकण उघडलं आणि ऑइलची पट्टी काढून बघत बसलो. सकाळीच बघितली होती.